पिवळ्या झग्यातली पोरगी

कसला सिनेमा म्हणायचा त्यो! निपाणीच्या आमच्या थेटरात मी तिकीट खिडकीवर बसतो, म्हणून पब्लिकच्या शिव्या मलाच खाव्या लागतात. चित्रं लई भारी. पाण्याखालनं आगगाडी जाती, डोंगर श्वास घेतात. पण गोष्टीचा पत्ता न्हाय! पिवळ्या झग्यातली एक पोरगी पायात एकच चप्पल घालून स्टेशनात बाकड्यावर बसलेली, शेवटपर्यंत पाठमोरी. कोण, कुठली, काय कळत न्हाय. चार खेळ बघून माझं डोकं उठलं.

आमचा रवळू बॅटरी मारून लोकांना खुर्च्या दाखवतो. घरी त्याची थोरली बहीण, बाळाबाई आक्का. साखरेच्या आजारानं तिचे डोळे गेलेत. प्रत्येक सिनेमा हा तिला जेवताना रंगवून सांगणार. ह्या वेळी मात्र "कळत न्हाय गं" म्हणून टाळत राहिला. कारण मला ठावं होतं. पस्तीस वर्षांमागं आक्काची लेक मंगल लोंढा स्टेशनात हरवली. सहा वर्षांची, अंगात पिवळा झगा. एक चप्पल फलाटावर सापडली, ती आक्कानं अजून ट्रंकेत जपून ठेवलीया. मंगल तवा रवळूसंगं होती. गर्दीत हात सुटला, असं त्यानं सांगितलं आणि आक्कानं ते मानलं.

गावात असलं काय लपतंय व्हय? शेजारणीनं आक्काला सिनेमातला झगा सांगितला, चप्पल सांगितली, पोरगी पाठमोरी बसती तेही सांगितलं. शेवटच्या दिवशी मॅटिनीला ती थेटराच्या दारात उभी. "मला आत ने," म्हणाली. रवळूचं तोंड पांढरंफटक पडलं.

आत सात-आठ माणसं. रवळूचा हात घट्ट धरून आक्का बसली, मी त्यांच्या मागं.

"आता काय दिसतंय रं?"

"स्टेशन हाय, आक्का. लई गर्दी. पोरीनं कुणाचा तरी हात धरलाय."

आक्कानं कान टवकारले. "गर्दी हाय तर आवाज कसा न्हाय? मला नुसता वारा ऐकू येतोय."

पडद्यावर पोरगी एकटीच होती.

रवळू लहान पोरासारखा रडायला लागला. "बाकड्यावर बसवून मी चहाला गेलतो गं. दोस्त भेटले, अर्धा तास गेला. गर्दी नव्हतीच, आक्का. कुणीच नव्हतं."

मला त्याचा लई राग आला. आक्कानं त्याचा हात तेवढा सोडला आणि तोंड पडद्याकडं केलं.

"वळली का रं ती?"

वळली होती. देवाशपथ सांगतो, आधीच्या चार खेळांत ती एकदाही वळली नव्हती. आता सरळ आमच्याकडं बघत होती. रवळूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"कशी दिसती? सांग की रं!"

त्याला सांगवेना. शेवटी मीच म्हटलं, "तुमच्यासारखी, आक्का."