मालोजीसाठी घातलेला घाणा

पौषातली थंडी. उन्हं वर आली तरी पाताळगंगेवरचं धुकं हलायला तयार नव्हतं. खालापूरच्या हसाजीनं बैल जुंपून पहिला घाणा घातला होता. शुक्रवार होता, हात चालवायला हवा होता. हसाजी जातीचा इस्रायली, कोकणातला यहुदी. शनिवारी ही माणसं कामाला शिवत नाहीत, म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणे. आणि त्यांचा शनिवार लागतो शुक्रवारी दिवस मावळला की.

दुपार कलली तसं काम आटपलं. हसाजी बैल सोडणार, तोच वाटेला घोडं दिसलं. वर मालोजी, कर्जतच्या कचेरीतला कारकून. हसाजीनं डोळे बारीक केले, वळला आणि तिळाची नवी पाटी घाण्यात ओतली.

"अवो, आता कुठं नवा घाणा?" त्याची बायको मिल्काबाई ओरडली. "शुक्रवार हाय ना?"

"हाय. म्हणूनच."

मालोजी कशाला आला ते त्याला ठाऊक होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कचेरीतलं दप्तर नाहीसं झालं, आळ मालोजीवर आला. खरं तर त्या दिवशी तो खालापुरात, याच ओट्यासमोर, नवं घोडं मिरवत उभा होता. उद्या सकाळी साहेबासमोर चौकशी. साहेबाला इंग्रजीत लिहिलेली, सही केलेली साक्ष हवी होती, आणि त्या दिवशी त्याला पाहिलेल्यांत इंग्रजी येणारा एकटा हसाजी.

इंग्रजी शिकला तो मुंबईला, पाद्र्यांच्या कॉलेजात. भिंतीवर क्रूस, सकाळी त्यांची प्रार्थना. हसाजी मुकाट उभा राही आणि मनात आपली शमा, यहुद्यांची एका देवाची प्रार्थना, म्हणे. पाद्री मायाळू. शिष्यवृत्तीचा लॅटिनचा पेपर शनिवारी आला, तेव्हा त्यांनी हसाजीला तो शुक्रवारी दुपारी द्यायची मुभा दिली. पेपर आणून द्यायचं काम मालोजीकडे; तो हसाजीच्याच वर्गातला, त्याच्याच मुलखातला. मालोजी तीनला यायचा तो साडेचारला उगवला. "कपाटाची किल्ली सापडत नव्हती रं." अर्धा पेपर झाला आणि दिवस बुडाला. हसाजीनं लेखणी खाली ठेवली. शिष्यवृत्ती मालोजीला मिळाली, हसाजी घाण्यावर आला. त्याला बारा वर्षं झाली.

"चार ओळी लिही रं हसाजी," मालोजी घोड्यावरून उतरत म्हणाला. "नोकरीचा सवाल हाय."

"लिवतो की. पण घाणा भरलाय. मधीच सोडला तर तीळ वाया. बसा."

मालोजी बसला. बैल फिरत होता. मिल्काबाईनं चहा दिला, तो प्याला. उन्हं माणिकगडाकडे सरकली तसा त्याचा पाय हलायला लागला.

"उरक की!"

"तेल घाईनं निघत नाय, मालोजीराव."

तेल उतरलं. हसाजीनं हात धुतले, पुसले, कागद मांडला, टाकाला निवांत नवं टोक लावलं. वळणदार अक्षरात लिहू लागला. मालोजीचं नाव, गाव, बापाचं नाव. घोड्याचा रंगसुद्धा. नेमकी तारीख लिहायची, तेवढ्यात दिवस मावळला आणि घरात मिल्काबाईनं शब्बाथचा, शनिवार लागल्याचा, दिवा लावला.

हसाजीनं टाक खाली ठेवला.

"अरं, तारीख राहिली! सही राहिली!"

"माझा शनवार लागला."

"बाकीचं मी लिवतो, तू नुसती सही कर!"

"सहीबी लिवणंच. उद्या दिवस मावळल्यावर या, करतो."

"उद्या सांजच्याला काय उपेग? सकाळी चौकशी हाय!" मालोजीचा चेहरा उतरला. मग त्याला सगळं उमगलं. "बारा वर्षं हेच धरून बसला होतास?"

"धरून कुठला? घाण्याबरोबर फिरवीत हुतो."

मालोजी कागद तसाच टाकून घोड्यावर चढला. टापा दूर गेल्या. हसाजीच्या अंगावर गोड काटा आला. इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"त्याला पोरंबाळं हायत," मिल्काबाई दारातून म्हणाली. "खऱ्याची साक्ष हुती ती. द्यायची हुती."

"मला बाप हुता. मी शिष्यवृत्ती घेऊन येतो म्हणून नवा फेटा बांधून कर्जतच्या टेसनात उभा ऱ्हायला हुता."

गोठ्यात गाय हंबरली.

"तिला अजून वैरण नाय," मिल्काबाई म्हणाली. "मुक्या जिवाला खायला घालायला शनवार आड येत नाय."

हसाजी उठला, पेंढ्याची पेंडी उचलली आणि गोठ्याकडे गेला.