गोरा सुभेदार

फौजेत कुठे होतात, असं कोणी विचारलं की सुभेदार मान जराशी तिरकी करत, आतून कोणी हाक मारतंय का ते ऐकल्यासारखी, आणि म्हणत, "होतो कुठंतरी. चहा सांगू का?" चहा खरोखर सांगत. विचारणारा चहा पिई आणि प्रश्न विसरून जाई.

मी विसरत नसे. महाडच्या एसटी स्टँडाजवळ माझं वर्तमानपत्रांचं दुकान आहे आणि चौकशा हा माझा जोडधंदा आहे. सुभेदार रोज सकाळी दुकानासमोरच्या बाकावर पेपर वाचायला येत. खरं तर ते सुभेदार नव्हतेच, पण आमच्याकडे फौजेतून पेन्शन घेऊन आला तो सुभेदार. असे दोघे-तिघे तुम्हीही पाहिले असतील. बाकावरचे बाकीचे सुभेदार रोज एखादी लढाई नव्याने जिंकत. हे मात्र हवामानाचा कोपरा वाचत.

राहायला ते महाडात माझ्या शेजारीच, पण त्यांचं गाव वरंधकडचं. त्या बाजूला घरटी एक माणूस फौजेत, आणि सुट्टीवर येतो तो उन्हाने रापलेला. हे परत आले ते गोरेपान होऊन. त्यात बरीच वर्षं ना पत्र, ना पत्ता. मग गावाने काय समजायचं? गावाने समजून घेतलं, हा तुरुंगात होता. मग पेन्शन कशी मिळते, असं मी एकदा विचारलं, तर उत्तर आलं, वशिल्याने.

त्यांच्या एकुलत्या मुलीला तुडीलचं स्थळ आलं, तेव्हा शेजारी म्हणून मीही बसलो होतो. मुलाच्या मामाने सरळच विचारलं, ती वर्षं कुठे होतात? मला वाटलं, आज तरी बोलतील. सुभेदारांनी मान तिरकी केली. "होतो कुठंतरी." मामाने पोह्यांची बशी खाली ठेवली.

स्थळ मोडलं. मुलगी पुढे पोलादपूरला शिक्षिका झाली, तिचं लग्नही झालं, पण बापाशी ती कामापुरतंच बोलू लागली. "माझ्यासाठी त्यांना चार शब्द जड झाले," असं ती माझ्या बायकोला म्हणाली होती. सुभेदारांना ते ठाऊक होतं. माणूस आतून झिजत चालला होता आणि मला ते बघवत नव्हतं.

मग एका रविवारी पेपरात पानभर मजकूर आला. उत्तरेकडच्या एका डोंगराच्या पोटात लष्कराने खोल्या खोदल्या होत्या. शत्रूचे बिनतारी संदेश चोरून ऐकायला जवान तिथे कानाला यंत्रं लावून बसत. महिनोन् महिने त्यांना ऊन दिसत नसे. पुढे नवी यंत्रं आली, ती जागा बंद पडली, आणि आता सरकार तिकीट लावून ती लोकांना दाखवणार होतं.

सुभेदारांनी फोटोवर बोट ठेवलं. "भिंतीला हा रंग नव्हता," ते म्हणाले आणि बोट चटकन मागे घेतलं.

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. म्हटलं, आता तरी लेकीला सांगा, लपवायला राहिलंय काय? ते म्हणाले, "बोलू नको म्हणून शपथ घेतलीय, भाऊ. बोल म्हणून अजून कोणी सांगितलं नाय."

मला राग आला. असल्या माणसाचं काय करायचं? मी मुलीला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

ती त्याच संध्याकाळी आली. बापासमोर बसून तिने पेपर उघडला.

"बाबा, तुम्ही बोलू नका. मी वाचते. चुकलं असेल तिथे मान हलवा."

ती वाचत गेली. एखाद्या ठिकाणी त्यांनी मान हलवली, ती थांबली, पुढे गेली. जवानांना घरीसुद्धा काही सांगायची मुभा नव्हती, ही ओळ तिने दोनदा वाचली. सुभेदारांची मान हलली नाही. डोळे मात्र वाहत होते. दाराशी उभा राहून मीही रडलो, त्यात लपवायचं काय.

गेल्या साली सुभेदार गेले. तेराव्याला गावातल्या अंगणात सगळी भावकी जेवायला बसली होती, पाठीमागे कुजबुजणारेही त्यात होते. मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, माझे वडील ती वर्षं कुठे होते ते आज सांगते.

एक म्हातारे चुलते म्हणाले, "बापानं जन्मभर राखलं, तू कशाला बोलतेस गो?"

"शपथ त्यांनी घेतली होती, काका," ती म्हणाली. "मी नाही घेतली."

आणि तिने सांगायला सुरुवात केली.