हप्ता चुकला की दारात बसायचं

बारा बाया एका जागी बसल्यावर किस्से काय कमी पडत्यात व्हय? आमच्या शेळगावच्या बचत गटात पैसा साठायचा सावकाश, किस्से साठायचे भराभरा! त्यातले निम्मे माझ्याच खोडीचे.

मालक जाऊन लई वर्सं झालेली. ल्योक पिंपरीला कंपनीत, लेक दिली वडगाव निंबाळकरला. मला काय कर्जबिर्ज नको व्हतं. पर दर सोमवारी मिटिंग असती म्हनून ऐकलं आन म्हनलं, "बायांनो, माझं बी नाव घ्या!"

* * *

गटाला लोन देनाऱ्या बारामतीच्या बँकेच्या म्याडम नावं लिवून घेत व्हत्या.

"आजी, वय किती?"

"लोन मिळायला किती लागतं?"

"साठच्या आत."

"मग लिवा एकुनसाठ!"

दुसऱ्या वर्षी परत फारम आला. परत इचारलं, "आजी, वय?"

"एकुनसाठ!"

"अहो, गेल्या साली बी एकुनसाठच सांगितलं व्हतं की!"

"मग? बाईमानसानं शब्द फिरवू न्हाय म्याडम!"

* * *

लोन धंद्यालाच मिळायचं. गटातल्या सुलानं "शेळी घेते" म्हनून सांगितलं, तर मागनं सगळ्यांनीच शेळी सांगितली! खरी शेळी आनली एकट्या सुलानं. बाकीच्यांत कुनी पोराची फी भरली, कुनी घरावर पत्रा टाकला, कुनी दवाखाना केला.

आन एक दिस म्याडम आल्या शेळ्या बघायला!

म्या सुलाची शेळी सोडली. म्याडम फुडच्या दारात च्या पीत बसल्या, की म्या परड्यातनं शेळी फुडल्या घरी नेऊन बांधायची. चार घरं निभावली. पाचव्या घरी म्याडम थांबल्या.

"आजी, सगळ्याच शेळ्यांचा उजवा कान फाटका कसा?"

म्या म्हनलं, "एका आईच्या लेकी हायत म्याडम!"

* * *

मंदाचं लोन तिच्या नवऱ्यानं नेलं आन जुनी मोटरसायकल आनली. हप्ता मातर मंदानं खुरपायला जाऊन भरायचा. भांडून काय उपेग न्हाय.

बाजाराच्या दिशी गडी गॉगल लावून निघाला, तशी म्या मागच्या शीटावर जाऊन बसले.

"जिजी, तू कुठं?"

"इंदापूरला. गटाच्या पैशाची गाडी, बारावा वाटा माझा. मला चाक देतूस का हांडेल?"

गप नेलं बिचाऱ्यानं. बाजारात भाजी बी घेऊन दिली. फुडच्या सोमवारपास्नं मंदाचा हप्ता तोच भरायला लागला. बाकीच्या अकरा जनी मागं बसतील म्हनून भ्याला आसंल!

* * *

गटाचा एक नियम व्हता. हप्ता चुकला, की सगळ्यांनी तिच्या दारात जाऊन बसायचं. पैसे देईस्तवर उठायचं न्हाय.

सुलाची ती शेळी दगावली आन हप्ता तटला. गेलो की आमी. अकरा जनी वळीनं बसलो. सुलानं आतनं कडी लावली. लई येळानं दार उघडलं, सगळ्यांना च्या आनला, पर मान काय वर केली न्हाय. कपबश्या शेजारच्या कमळकडनं मागून आनलेल्या. आन कमळ आमची अध्यक्ष! आपल्याच कपात च्या पिऊन सुलाला म्हनती, "मग, हप्त्याचं काय?"

सगळ्या हसल्या. म्या बी हसले. सुला महिनाभर कुनाशी बोलली न्हाय.

घरी येता येता माझ्या मनात येगळंच. केवढी मानसं बसली व्हती तिच्या दारात! माझ्या दारात लाईटचं मीटर बघायला येतंय, तेवढंच मानूस.

* * *

मग म्या बी लोन घेतलं. शेवयाची मशीन घेते म्हनलं. पैसे ठिवले डब्यात जसेच्या तसे, आन हप्ता चुकवला. मुद्दाम!

मंगळवारी सकाळीच अंगन सारवलं. सतरंजी हातरली. पातेलंभर पोहं केलं, वर शेंगदानं बी टाकलं. लुगडं बदलून उंबऱ्यात बसले.

धा वाजलं. बारा वाजलं. कुत्रं बी फिरकलं न्हाय.

उनं कलल्यावर एकटी कमळ आली. लांबनंच म्हनती, "जिजी, घोर करू नको गं. तुझा हप्ता आमी सगळ्यांनी मिळून भरला. तू एकटी, म्हातारी. तुझ्या दारात कशाला बसायचं? बरं दिसतंय का ते?"

म्या उंबऱ्यातनं उठून सतरंजीचं टोक सरळ केलं.

कमळ वळली जायला. मग तिला सतरंजी दिसली. चुलीवरलं पातेलं दिसलं.

"कुनी यायचं हाय का गं?"

"वसुलीवाल्या येनार व्हत्या," म्या म्हनलं. "आल्याच न्हाईत बघ."

कमळनं चपला काढल्या, सतरंजीच्या मधोमध मांडी घालून बसली आन आवाज चढवून म्हनली, "जिजी, हप्ता भर!"

"न्हाय भरत जा!"

"मग म्या बी उठत न्हाय!"