विहिरीत न पडलेलं ढेकूळ

प्रिय इरा आणि नील,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर इरानं विचारलं, “आजी, आजोबा एवढे लहान का दिसायला लागलेत?” मी फोन जरा तिरका धरला आणि म्हणाले, लिहून कळवते. तुमच्या बाबाचं म्हणणं, मुलांना असलं काही सांगू नकोस. पण छापून आलेलं मराठी तो तुम्हाला हौसेनं वाचून दाखवतो, म्हणून हे वर्तमानपत्राच्या या सदराकडेच पाठवते आहे. शिवाय वाचणाऱ्यांपैकी कुणाला उत्तर माहीत असेल तर... तर फार बरं होईल.

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. हैदराबादेत इंग्रजी शाळेत शिकले, पुढे निवृत्त होऊन बीडला येईपर्यंत अंबाजोगाईला इंग्रजी शिकवलं. सासूबाई सांजवेळी केर काढू देत नसत, तेव्हाही मी “का?” असं विचारून त्यांना वैताग आणत असे. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला भोळी समजणार नाही.

आजोबांची थोरली बहीण – आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो – नेकनूरजवळ शेतातच राहते. शेताच्या टोकाला जुनी दगडी विहीर आहे. पाणी अगदी तळाला. आतल्या भिंतीतला एक मोठा दगड निखळून तिथं कपार झाली आहे. गेल्या वर्षी ज्वारीची काढणी झाली तेव्हा त्या कपारीत शृंगी घुबडाची दोन पिल्लं होती. शृंगी म्हणजे डोक्यावर शिंगांसारखे पिसांचे तुरे असतात ते मोठं घुबड. तुमच्या बाबानं पाठवलेला कॅमेरा तोवर कपाटातच होता. मी तो काढला आणि आम्ही दोघं अक्काकडे मुक्कामाला गेलो.

गावातली बरीच घरं तेव्हा ऊसतोडीला गेलेली असतात. संध्याकाळी शिवार इतकं शांत, की पिल्लांनी चोच वाजवलेली काठावर ऐकू यायची. सूर्य बुडाला की बाभळीवरून आई एकदाच घुमायची, आणि पिल्लं कपारीच्या तोंडाशी येऊन माना खालीवर करायची. अंगावर मळक्या कापसासारखी लव, त्यात नारिंगी डोळे. फोटोपुरता उजेड तेवढाच. पण ती नेमकी पाठमोरी बसायची.

“थांब, वर बघायला लावतो,” आजोबा म्हणाले.

त्यांचं लहानपण ज्वारीतल्या माळ्यावर गोफण फिरवून पाखरं हाकलण्यात गेलेलं. पाखरू दिसलं की हात आपोआप ढेकळाकडे जातो. मी “अहो, नको—” म्हणेपर्यंत त्यांनी समोरच्या भिंतीच्या रोखानं ढेकूळ फेकलंसुद्धा. मुठीएवढं, काळ्या मातीचं, ज्वारीच्या कापलेल्या ताटाचं धसकट रुतलेलं.

पिल्लांनी एकदम वर पाहिलं. मी बटण दाबलं. नीलच्या टेबलावर आहे तो हाच फोटो.

मग लक्षात आलं, ढेकूळ पडल्याचा आवाज आलाच नाही. भिंतीवर नाही, पाण्यात नाही. आमच्या डोक्यावरून फक्त एक मोठी सावली गेली होती, पंखांचा जराही आवाज न करता.

अक्का चुलीपुढं भाकरी थापत होती. मला ती चिडवायला मॅडमच म्हणते.

“काय टिपलं मॅडम आज?”

आजोबांनी सगळं रंगवून सांगितलं. अक्काचा हात थांबला.

“ढेकूळ? घुबडाला? कावून मारलास रे दिगू?”

“मारलं न्हाई अक्का. भिंतीवर टाकलं.”

“पडल्यालं ऐकलास का?”

“न्हाई.”

“मंग झेललं तिनं.”

मुलांनो, आपल्याकडे म्हणतात, घुबडाला ढेकूळ मारू नये. ते झेलतं आणि घासत बसतं. ढेकूळ झिजत जातं तसा मारणाराही झिजतो.

“बरंच हाय की,” आजोबा पोटावर हात फिरवत म्हणाले, “लई सुटलंय. झिजू दे जरा.”

“सत्तरी गाठली, पर अक्कल काय आली न्हाई तुला!” अक्का म्हणाली. पण ती हसली नाही.

दुसऱ्या संध्याकाळी काढलेला फोटो मोठा करून पाहिला. कपारीत, दोन पिल्लांच्या मधे, ते ढेकूळ होतं. तेच धसकट वर आलेलं. एक पिल्लू त्यावर झेप घ्यायचं, नख्यांत धरायचं, लोळवायचं. शिकारी पक्ष्यांची पिल्लं अशीच सराव करतात, मी वाचलेलं होतं. अक्कालाही समजावलं.

“खेळतंय, खरं हाय,” अक्का म्हणाली, “पर खेळता खेळता झिजतंयच की ओ मॅडम.”

आम्ही बीडला परतलो तोवर ते लिंबाएवढं झालं होतं. आजोबांचा पट्टा आतल्या भोकावर गेला होता. रोजच्या चालण्यानं असेल, असं मी धरून चालले.

मग भूक तशीच असूनही ते उतरत गेले. घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत सरकायचं. लग्नातली अंगठी दोरा गुंडाळूनही बोटात राहीना. बीडला दाखवलं, संभाजीनगरला दाखवलं, तपासण्या झाल्या. दोष कशातच नाही. डॉक्टर म्हणाले, “वय आहे आजी.” वय मलाही आहे! मी काही अशी विरघळत नाहीये.

शेवटी मी अक्काला फोन केला आणि म्हणाले, ते ढेकूळ मला हवंय. हे वाक्य माझ्या तोंडून आलं, यावर माझाच विश्वास बसेना.

मी शेतावर पोचले तेव्हा अक्काचा मुलगा संतोष ऊसतोड संपवून नुकताच आला होता. पिल्लं तेव्हा उडू लागून बाभळीवर गेली होती.

“मामी, ढेकळासाठी कुणी हिरीत उतरतंय व्हय? गावात सांगू नका, पोरं जगू द्यायची न्हाईत मला,” असं म्हणत तो दोर कमरेला बांधून उतरला. वर आला तेव्हा हसत नव्हता. सुपारीएवढं ढेकूळ त्यानं माझ्या तळहातावर ठेवलं. धसकट तसंच.

मी तळहात तसाच धरून अक्काकडे वळले.

“आता ह्येचं काय करायचं?” मी अक्काच्याच बोलीत विचारलं.

“मला काय ठावं?” अक्का रडकुंडीला आली. “आजवर परत आणलंच न्हाई कुणी.”

शेतात ठेवावं तर नांगराखाली फुटणार. पाण्यात सोडावं तर विरघळणार. देवापुढं ठेवावं तर रोज पाणी पडणार. मी ते घरी आणलं आणि स्टीलच्या कोरड्या डब्यात, कापसावर ठेवलं. झाकणाला चिकटपट्टी लावली. डबा कपाटात, किल्ली माझ्याकडे.

आता मला जे कळत नाही ते सांगते. डब्यातही ते कमी होत राहिलं. दर वेळी उघडलं की कापसावर चिमूटभर माती, आणि ढेकूळ आणखी लहान. भिंग घेऊन पाहिलं. मुंगी नाही, ओल नाही, डब्याला कुणाचा हात नाही. आणि त्या त्या आठवड्यात आजोबांचा सदरा खांद्यावरून आणखी ओघळलेला.

पुढं पुढं मी दिवसातून कितीदा तरी डबा उघडायची. एका सकाळी आजोबांनी खुर्चीतून हाक मारली. आवाज तेवढा अजून पूर्वीचाच आहे.

“त्या डब्यात काय बघतेस सारखी? मी इथं बसलोय. मला बघ की.”

मी चिकटपट्टी लावली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यानंतर डबा उघडलेला नाही. शेवटी पाहिलं तेव्हा आत हरभऱ्याएवढं उरलं होतं. धसकट गळून पडलं होतं. आता असेल की नसेल, मला माहीत नाही. यात कशामुळे काय झालं, तेही माहीत नाही. काय करायला हवं होतं, हे कुणी सांगितलं असतं तर मी केलं असतं.

इरा, तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. आजोबा आहेत. आज सकाळी त्यांनी अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.