पाच फुटांची पडवी

जांबोटीच्या वाचनालयासाठी दोघींनी नकाशे दिले होते, मी आणि निपाणीच्या एका पोरीनं. माझ्या बेळगावच्या ऑफिसात पाच वर्षं काम करून तिनं स्वतःचं थाटलं होतं. गावच्या कमिटीनं तिचा नकाशा घेतला. मी तिला पेढे दिले आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही.

नकाशा वाईट असता तर बरं झालं असतं. तो चांगला होता, हेच माझं दुखणं. जांभ्या दगडाच्या भिंती, पाडलेल्या शाळेची कौलं नि वासे, आणि पश्चिमेला आठ फुटांची पडवी, कडेला पोरांना बसायला कट्टा. माझ्या नकाशासोबत ऊन, वारा, वीज यांचे जाडजूड तक्ते होते आणि इमारत मच्छेच्या कारखान्यांमधल्या गोदामासारखी दिसत होती. ते मला तेव्हाही दिसत होतं.

जांबोटीच्या पलीकडं माझं माहेर. पावसाळ्याआधी पश्चिमेच्या भिंतीला गवताच्या तट्ट्या बांधायची आमच्याकडं रीत आहे, कारण तिथं पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो. हे बघत मी मोठी झाले, आणि खोल पडवी सुचली कुणाला, तर निपाणीसारख्या तंबाखूच्या कोरड्या मुलखातल्या पोरीला. ती भर पावसात चार दिवस गावात राहिली होती, घराघरांत भिंतीवर ओल कुठवर चढते ते मोजून आली होती. म्हणजे आकडे तिच्याकडेही होतेच, फक्त ते तिनं भिजून आणले होते. काखेत कळसा नि गावाला वळसा, अशी माझी गत. जळफळाट झाला नुसता.

पुढं देणगीदाराला इमारत कमी विजेवर चालेल असा दाखला हवा होता. कमिटीनं तिचा नकाशा तपासायला माझ्याकडेच धाडला. कॉम्प्युटरला पावसाचे आकडे द्यावे लागतात. माझ्याकडे तयार होते ते बेळगाव शहराचे. जांबोटीचा पाऊस त्याहून कितीतरी जास्त, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी शहराचेच घातले. उत्तर आलं: पडवी पाच फूट पुरे, खोलीत उजेड वाढेल, दिवसा दिवे लागणार नाहीत, लाकूडही वाचेल. अहवालात एकही आकडा खोटा नव्हता. ते त्या गावाचे नव्हते, एवढंच.

तिचा फोन आला. "आक्का, तितला पाऊस तुमास्नी ठावं हाय. पाच फुटात भागंल न्हवं?"

"भागंल की गं," मी म्हणाले.

तिनं पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

पाच फुटांच्या पडवीची इमारत उभी राहिली. पुढच्या आषाढात कमिटीनं आम्हा दोघींना बोलावून घेतलं. पडवीला निळा प्लास्टिकचा कागद ताणून बांधला होता, त्यामुळं आत भरदुपारी दिवे जळत होते. पश्चिमेची कपाटं रिकामी करून भिजलेली पुस्तकं बाकांवर पसरली होती. कमिटीचे म्हातारे आप्पा चिडून विचारत होते की एवढी शिकलेली माणसं असून हे झालंच कसं. मी तोंड उघडायच्या आत ती बोलली.

"आप्पा, आक्कांनी नकाशावर बघून सांगितलं. पाऊस डोळ्यांनी बघून आलेली मी. माझंच चुकलं."

आप्पांचा आवाज एकदम उतरला. चूक कबूल करणारा इंजिनिअर त्यांनी म्हणे आजवर बघितला नव्हता. पडवी वाढवायचं काम त्यांनी तिथंच तिच्याकडं दिलं, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी एक ओलं पुस्तक उचलून चिकटलेली पानं सोडवत बसले. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोलले नाही. चूक माझी होती आणि त्या चुकीपायी मान मिळत होता तिला, याचाही मला हेवा वाटत होता.