मान मोडून घ्यायची हौस

माझ्या नवऱ्याला मान मोडून घ्यायची भारी हौस. हा नागपूरचा, मी बेळगावची. बंगळुरूच्या जे. पी. नगरात संसार थाटून इतकी वर्षं झाली, तरी कन्नडचे दोनच शब्द त्याच्या पदरात पडलेत: बेकु म्हणजे हवं आणि साकु म्हणजे पुरे. त्यातही कायम उलटापालट. हॉटेलात सांबार पुरे म्हणायला जातो आणि वाटी ओसंडून वाहते. दुरुस्त करून करून मीच दमले.

त्या रविवारी स्वारी शिवाजीनगरला केस कापायला गेली. सलूनवाल्याने मालिश केली, मानेच्या दोन्ही बाजू दाबल्या आणि हनुवटी धरून झटक्यात मान फिरवली. कट्! ह्याला दुखलं. साकु म्हणायचं, तर पठ्ठ्या म्हणाला बेकु. मग त्या भल्या माणसाने मन लावून दुसऱ्या बाजूलाही फिरवली, आणखी जोरात. घरी येऊन ह्याने सगळं रंगवून सांगितलं आणि मी पोट धरून हसले.

सोमवारी मानेत डावीकडे ठणका लागला, डोकंही त्याच बाजूने धरलं. उशी बदलली, बाम चोळला. मंगळवारी सकाळी चहा पिताना बघते तर डावी पापणी खाली आलेली, आणि साखर कमी आहे एवढं साधं वाक्य तोंडात लडबडतंय. हा म्हणे झोप झाली नाही, आज मीटिंग आहे. मीटिंग गेली खड्ड्यात म्हटलं आणि मी अंगावरच्या गाऊननिशीच त्याला रिक्षात कोंबलं. रिक्षावाल्या अण्णांना कन्नडमधून अशी काही घाई केली, की ते बिचारे वाटभर हॉर्न वाजवत राहिले.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी स्कॅन काढला. मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीचं आतलं अस्तर फाटलं होतं. तिथे गुठळी होते, रक्त अडतं, मेंदूला प्राणवायू मिळत नाही. मग वाचा जाते, हातपाय जातात, कधी माणूसही जातो. क्वचित होतं, पण मान अशी दाबून-मुरगळून घेऊ नये, असं त्यांनी बजावलं. वेळेत आणलंत म्हणाल्या, पण बोलणं कितपत परत येईल ते आत्ताच सांगता येणार नाही.

मी बाहेर बाकड्यावर बसून मनसोक्त रडले. ज्याच्या बडबडीवर मी दिवसभर डाफरते, तोच गप्प झाला तर मी त्या घरात करू काय?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्याला काहीतरी बोलून दाखवायला सांगितलं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"हिला पहिले काही खायला द्या. कालपासून उपाशी आहे."

एकेक शब्द सुटा, स्वच्छ. डॉक्टरीणबाईंना मराठी येत नाही. काय म्हणाला, म्हणून त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना.