भिंतीचं पाणी

मी गाव सोडलं तेव्हा बाबा मला एसटीपर्यंत सोडायला आले नाहीत. ते शाळेतले बाक बाहेर काढत होते. आई आली. म्हणाली, "रडू नको. बोर्डिंगात रडणाऱ्याला जेवाय उशिरा मिळतंय." हे तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे. लातूरला गेल्यावर कळलं, तिथं सगळ्यांनाच उशिरा मिळायचं.

जे गावातच राहिले, त्यांना आमचं चर्च रोज दिसतं, म्हणून त्याच्याकडं कुणी नीट पाहत नसेल. आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले, ते विसरले असतील. शिरूर अनंतपाळच्या अलीकडचं ते काळ्या दगडाचं, उतरत्या छपराचं चर्च एका गोऱ्या पाद्रीसाहेबानं बांधलं आणि त्याच्या पाठीला शाळा जोडली. दोघांत एकच भिंत. तिकडून क्रूस, इकडून फळा. कमानी देखण्या, चुन्याचं काम पक्कं, फक्त पाया काळ्या मातीत. ती माती वाळली की भेगाळते आणि भिंतीलाही सोबत घेते. म्हणून शाळा सुटताना प्रत्येक पोरानं आवारातल्या आडाचं तांब्याभर पाणी भिंतीच्या पायाला घालायचं, असा रिवाज होता. प्रार्थना चुकली तर चालायची, पाणी नाही.

बहात्तरच्या दुष्काळात गावातले बाकीचे आड आटले. बाबा शाळेचे हेडमास्तर. त्यांनी भिंतीचं पाणी बंद केलं आणि आवार गावाला खुलं केलं. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "मास्तर, भिंत फाटंल."

"फाटू द्या. भिंत काय तहानेनं मरत न्हाई."

उन्हाळ्यात भिंत वरपासून खालपर्यंत फाटली, हात जाईल एवढी. सरकारी साहेब लोक आले, इमारत धोक्याची ठरवून कुलूप लावून गेले. शाळा बंद झाली म्हणून तर मी लातूरला.

पुढच्या पावसाळ्यात माती फुगली, भेग मिटली. चर्च उघडलं, शाळा नाही. शाळेच्या परवानगीसाठी बाबा उस्मानाबादला, तेव्हाच्या जिल्हा कचेरीत, खेटे घालत राहिले. मग लातूर जिल्हा झाला. तिथं म्हणाले, हे उस्मानाबादचं जुनं प्रकरण. त्याच नव्या जिल्ह्याच्या कचेरीत मला नोकरी लागली, पुढं फ्लॅट झाला. बाबा राहायला आले नाहीत. "शाळा उघडली तर मास्तर नको का?" म्हणायचे. मला राग यायचा, अजूनही येतो.

बाबांना माती दिली त्या दिवशी शेजारच्या सुभद्राकाकू जवळ बसल्या. म्हणाल्या, "तुझ्या बापानं पाणी दिलं म्हणून माझा नामदेव जगला." आणि त्याच सुरात म्हणाल्या, "शाळा ऱ्हायली असती तर शिकला बी असता." नामदेव माझ्याच बाकावरचा. तो तेव्हा बाबांवर फावड्यानं माती ओढत होता.

घर कुठं, असं विचारलं की मी लातूर सांगतो. पण माझ्या बापाचं बरोबर आणि चुकलेलं एका दमात सांगणारं माणूस मला लातुरात अजून भेटलेलं नाही.